दसऱ्याला पुजलेला मोडेम

डोंबिवली (पूर्व),
ऑक्टोबर १९९५

ती. गुरुदत्तदादांस,
हरिहरचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे तूर्त कागदावरच). तुमचा खोकला आणि शुभदावहिनींची कंबर आता बरी असेल, असं धरून चालतो.

दसऱ्याला मी ठाण्याला जेवायला का आलो नाही, ते तुमच्या बहिणीने, उत्तराने, सांगितलंच असेल. आता माझी बाजू ऐका. आमच्या मानपाड्याच्या कारखान्यातले संगणक एकमेकांना जोडलेले, कल्याणच्या गोदामातले तसेच, आणि ही दोन बिऱ्हाडं टेलिफोनच्या तारेने बांधलेली, तारेच्या दोन्ही टोकांना मोडेम नावाचा एकेक डबा. मधला संबंध शाबूत आहे का, हे काळ्या पडद्यावर आदेश टाइप करून विचारायचं, हे माझं काम (यासाठी मी बी.एस्सी. झालो). त्या सकाळी कल्याणहून मालाचे आकडेच येईनात. साहेब डोक्यावर उभे. मी आदेश दिला. पडदा म्हणाला, जोडणी चालू. पुन्हा दिला, पुन्हा तेच. गोदामात फोन कोणी उचलेना. मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं की दोष कल्याणकरांच्या आळसात आहे. उत्तराला फोनवर "निघालोच!" म्हटलं आणि पडद्यासमोर दुपार केली. शेवटी साहेबांनी मलाच कल्याणला पिटाळलं.

तिथे पाटावर वजनकाटा, पाने, पकडी आणि मधोमध आमचा मोडेम! तार उपटलेली, अंगभर हळदकुंकू, वर झेंडूची माळ. गोदामाचे गुणाजी हात जोडून म्हणाले, "साहेब, पुजलेलं हत्यार आज हलवायचं नसतं. उद्या जोडतो ना!" तेव्हा उमगलं की माझा आदेश तारेपलीकडे जातच नव्हता. तो आमच्याच बाजूच्या डब्याला विचारायचा, बरा आहेस ना? तो बापडा कशाला नाही म्हणेल?

घरी आलो तर दाराला कुलूप. उत्तरा एकटीच तुमच्याकडे निघून आली होती.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हरिहर

ता. क. : उत्तरा विश्रांतीसाठी माहेरी आली आहे. बाकी आमच्यात सगळं ठीक आहे.

आणखी एक ता. क. : वरचं वाक्य मी माझ्याच बाजूला विचारून लिहिलंय. फोन केला की वहिनी सांगतात, ती देवळात गेलीय. दादा, ठाण्यात इतकी देवळं नाहीत हो. रविवारी न्यायला येऊ का, एवढं तुमच्या बाजूने तिला विचाराल? नाही म्हणाली तर तसंच कळवा. तिच्यासाठी घेतलेली आपट्याची पानं अजून शर्टाच्या खिशात आहेत. वाळलीत, पण दुसऱ्या कुणाला दिली नाहीत.