कमरेएवढा दाढीवाला आयरिस

४ सप्टेंबर
मेहुणीकडून उंच दाढीवाल्या आयरिसचा गड्डा आणला. जांभळं फूल, खालच्या पाकळ्यांवर केशरी दाढी, दांडा कमरेएवढा. बायकोची शाळेतली नोकरी मार्चअखेर संपते. त्या दिवशी पहिलं फूल हिच्या हातात देणार. तसं जाहीर केलं. ही म्हणाली, बघू.

५ सप्टेंबर
मेहुणीचा फोन. गड्ड्याची पाठ मातीबाहेर उन्हात राहू द्या, पाणी बेताचंच घाला. ऐकून घेतलं. अख्खं गोदाम सांभाळून रिटायर झालोय, एक गड्डा सांभाळता येणार नाही? वीतभर खोल पुरला. वर शेणखत थापलं.

२१ सप्टेंबर
काही नाही. पाणी वाढवलं.

११ ऑक्टोबर
अजून काही नाही. मेहुणीने मालच खराब दिला असावा. ही म्हणाली, उकरून तरी बघा. उकरणं म्हणजे अविश्वास दाखवणं. त्याऐवजी स्वयंपाकघरातला कचरा जिरतो त्या खड्ड्यातलं खत घातलं. भरपूर.

३ नोव्हेंबर
कोंब आले. एक नाही, चांगला झुपका. मेहुणीला फोटो पाठवला. म्हणाली, पानं बारीक दिसतात, पंख्यासारखी पसरायला हवीत. जळते.

१९ जानेवारी
उंची गुडघ्यापर्यंतही नाही. माझं प्रमोशनही उशिराच झालं होतं. पानांना वास जरा उग्र. भारी जातींना असणारच. शेजारच्या डॉक्टरांनी कुंपणावरून विचारलं, काय लावलंय. आयरिस, म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आत निघून गेले. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

१० मार्च
कळी नाही. हरकत नाही. अशी झाडं शेवटच्या आठवड्यात एकदम मनावर घेतात, असं माझं मत. हिच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना निरोपाच्या संध्याकाळी घरी बोलावलं. ही म्हणाली, अहो, त्यांना कशाला. आता माघार नाही.

३१ मार्च
सगळ्या आल्या. विज्ञानाच्या बाईंनी एक पान चुरडून नाकाला लावलं आणि म्हणाल्या, लसूण आहे. कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. लसणाच्या जवळचीच जात आहे, असं मी ठणकावून सांगितलं आणि खात्री पटवायला झुपका उपटला. लसूणच निघाला, खड्ड्यातल्या खताबरोबर आलेला. आयरिसचा मागमूस नाही. कधीच कुजला असणार.

त्या गेल्यावर हिला विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाली, नोव्हेंबरातच. मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, गोदाम सुटल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही सकाळी उठून, आवरून कामाला जात होतात. अंगणात का होईना.

उपटलेल्या लसणाची माती झाडली.

मग मेहुणीचा फोन. फूल आलं का? म्हटलं, पाकळ्या आल्यात, चांगल्या टपोऱ्या. आणि फोन ठेवून दिला.