गौरम्माला मीच बोलावले होते

लिहून ठेवणार : मथुरा मानसिंग घाडगे, वय वर्षे सेहेचाळीस, धंदा लेखन आणि थोडी शिकवणी, राहणार रेल्वे लाइन्स, सोलापूर.

माझी प्रकृती ठीक आहे. बुद्धी शाबूत असल्याचे बसवराज वकिलांनी मला समोर बसवून, चार प्रश्न विचारून ठरवले आहे. मोटारीत बसल्यावरही ती शाबूत राहते का, हे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोललेलेही नाही.

मृत्युपत्र करावे असे मला आजवर वाटले नव्हते. माझ्यामागे भांडणे व्हावीत इतकी मिळकत नाही. शिवाय ताशी वीस मैलांच्या वर मी मोटार नेत नाही. सायकलवाले मला मागे टाकतात आणि वळून पाहतात. तेव्हा मी अपघातात जाईन अशी भीती नव्हती. माझ्या मोटारीने जायचेच तर दुसरे कोणी जाईल, ही साधी गोष्ट ध्यानात यायला गेल्या नोव्हेंबरची एकवीस तारीख यावी लागली. ते सगळे कलम पाचमध्ये आहे. वकील म्हणाले, "बाई, कोणाला काय द्यायचं तेवढंच लिहितात यात." मी म्हटले, मला जे द्यायचे आहे ते एवढे लिहिल्याशिवाय देता येत नाही. मग त्यांनी पंखा लावला आणि बसले.

कलम एक. राहते घर माझ्या यजमानांनी, कै. मानसिंगरावांनी, माझ्या नावाने बांधले. ते मी माझी पुतणी रंभा हिला देते. रंभा ही वैरागला राहणारे माझे दीर आबासाहेब यांची धाकटी मुलगी. तीन वर्षे ती माझ्याकडे राहून कॉलेजात शिकते आहे. माझ्या शेजारी मोटारीत बसून डोळे उघडे ठेवणारी ती एकटीच, हे तिला घर देण्याचे एक कारण आहे. दुसरे कारण असे की मला मूल नाही आणि ती मला काकू म्हणते तेव्हा मला त्याची आठवण राहत नाही.

कलम दोन. मोटार. राखी रंगाची जुनी फियाट, यजमानांची. त्यांनी मला ती चालवायला कधी शिकवली नाही. "तू शेजारी बस आणि मला खड्डे दाखव," म्हणायचे. ते गेल्यावर विजापूर वेशीतल्या कासीम मिस्त्रींनी मला शिकवले. ते शिकवताना एकदाही रागावले नाहीत. फक्त दर वळणाला हळूच "या अल्ला" म्हणत.

ही मोटारही रंभालाच मिळेल, पण तेव्हाच जेव्हा कासीम मिस्त्री स्वतःच्या हाताने कागदावर लिहून देतील की ब्रेक धरतात आणि धूर येत नाही. त्यांनी लिहून दिले नाही तर मोटार सुटी करावी आणि सुटे भाग त्यांनी घ्यावेत. रंभाने मोटार शिकावी, ती मिस्त्रींकडून. माझ्याकडून शिकलेले तेवढे विसरावे.

या मोटारीवर आबासाहेबांचा डोळा आहे. लग्नसराईत वैराग आणि बार्शीत नवरदेवाला बसवायला ती चांगली दिसेल असे ते म्हणतात. त्यांचे मत असे : "वैनी, गाडी म्हंजे हॉर्न. हॉर्न दणदणीत असला की ब्रेकला कामच पडत न्हाय." म्हणून मोटार सुटी झाली तर हॉर्न आबासाहेबांना द्यावा. त्याच्यापुढे नवरदेव कोठे बसवायचा ते त्यांचे ते पाहतील.

कलम तीन. माझे शेजारी पंचाक्षरी हिरेमठ गुरुजी यांना मी पांढऱ्या धोतरांच्या चार जोड्या देते. त्याची हकिगत अशी.

पेट्रोल महागले त्या साली मी त्यात रेशनचे रॉकेल मिसळू लागले. स्वयंपाक करता करता सुचले. कासीम मिस्त्री म्हणाले, "बाई, गाडी हाय ही, इष्टो न्हवं." मी ऐकले नाही. त्याच महिन्यात, येथील एका साप्ताहिकात माझा 'डाव्या बाजूने' हा वाहतुकीवरचा स्तंभ येतो त्यात, मी धूर ओकणाऱ्या वाहनांवर कडक लेख लिहिला. आठ दिवसांनी संपादकांनी एक वाचकपत्र माझ्याकडे उत्तरासाठी पाठवले. पत्र गुरुजींचे होते. रेल्वे लाइन्समध्ये राखी रंगाची एक मोटार रोज सकाळी त्यांच्या दोरीवरची धोतरे काळी करते, चालवणाऱ्याचे नाव लिहिण्यास संकोच वाटतो, असे त्यात होते. मी उत्तर छापले : "अशा चालकांची नावे वाचकांनी निःसंकोच कळवावीत." गुरुजींनी पुढे काही कळवले नाही. सभ्य माणूस आहे.

त्यांच्या घराची माझ्याकडची खिडकी वर्षभर बंद आहे. माझ्याशी अबोला धरला म्हणून मीही फणकाऱ्याने त्यांना तिळगूळ पाठवला नव्हता. मागच्या महिन्यात रंभाकडून कळले की गुरुजींच्या पत्नीला धुराने धाप लागते, म्हणून ती खिडकी बंद असते. धोतरे विकत आणता येतात. धापेच्या बदल्यात काय द्यायचे ते मला समजले नाही. रॉकेल मात्र त्या दिवसापासून चुलीशीच राहिले आहे, आणि खिडकी अजून उघडलेली नाही, हे दोन्ही येथे नोंदवते.

कलम चार. माझ्या स्तंभाची सर्व कात्रणे लोखंडी कपाटात वरच्या खणात आहेत. ब्रेकची तपासणी दर तीन महिन्यांनी करावी, हे मी त्यांत एकूण सहा वेळा लिहिले आहे. कात्रणे कोणाला हवी असतील तर द्यावीत. नको असतील तर जाळू नयेत, धूर होईल.

कलम पाच. गौरम्मा शिवप्पा हत्तुरे ही वळसंगहून रोज पहिल्या एस.टी.ने भाजी घेऊन येते. आमच्या फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाचे झाड आहे, त्याखाली ती बारा वर्षे बसत होती. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. मी तिला अगं म्हणते, ती मला अहो बाई म्हणते.

या रस्त्याने मालट्रक सतत जातात, हाक पोचत नाही. म्हणून मी रोज सकाळी फाटकात उभी राहून तिला हातानेच बोलवायची. हात पुढे, पंजा खाली, दोन-तीनदा वरखाली. ती टोपली डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायची. कधी चुकली नाही.

मोटारीचा वेग कमी करायचा असेल तर चालकाने उजवा हात खिडकीबाहेर काढून, पंजा खाली ठेवून, दोन-तीनदा वरखाली करावा असा नियम आहे. खूण तीच. शिकवताना मिस्त्रींच्या, शिकताना माझ्या आणि स्तंभात छापताना संपादकांच्या हे लक्षात आले नाही.

एकवीस नोव्हेंबर, गुरुवार, सकाळी साडेनऊची वेळ. मी आणि रंभा पोस्टातून परत येत होतो. घर जवळ आले म्हणून मी नियमाप्रमाणे हात बाहेर काढला. गौरम्माने पाहिले. उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि आली. मी ब्रेक दाबला, तो तळाला गेला. "ब्रेक धरत न्हाईत, चार दिवस गाडी हितं सोडा," असे मिस्त्री दोन आठवडे सांगत होते आणि मला चार दिवस पायी जायचे नव्हते. मोटार आणखी तीन पावले गेली. त्या तीन पावलांत गौरम्मा होती.

तिच्या डाव्या पायाचे घोट्यावरचे हाड मोडले. ती रस्त्यात बसून होती, रडली नाही. मला म्हणाली, "बाई, तुमीच बलीवलं की."

चौकीचे हवालदार आले. मला पाहून त्यांनी टोपी सारखी केली. "बाई, तुमचं लिखाण वाचतो मी. ही मान्सं कुटंबी आडवी येत्यात, तुमीच लिवलंय की." पंचनाम्यात त्यांनी लिहिले, भाजीवाली अचानक धावत रस्त्यात आली. खाली मी "मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे" असे लिहून सही केली. एका स्वल्पविरामासाठी छापखान्याला दोनदा पाने परत पाठवणारी मी.

त्या दुपारी रंभा म्हणाली, "काकू, तुम्ही हात केला होता."

"तो नियमाचा हात होता," मी म्हटले.

ती ताटावरून उठली नाही, पण पुढे जेवलीही नाही.

आबासाहेब दुसऱ्या दिवशी वैरागहून आले. म्हणाले, "सही झाली न्हवं? मग आता ह्याच्यावर बोलू नगा." मी बोलले नाही. लिहिले. त्या रविवारच्या स्तंभात मी रस्ता ओलांडणाऱ्यांच्या बेफिकिरीविषयी लिहिले, भाजीवाल्यांचा खास उल्लेख करून. त्या लेखाला आली इतकी पत्रे मला कधी आली नव्हती. सर्व स्तुतीची. गौरम्माला वाचता येत नाही. हिरेमठ गुरुजी दवाखान्यात गेले आणि तिच्या खाटेशी बसून त्यांनी तो लेख तिला कानडीत सांगितला. याचा मला फार राग आला होता. आता वाटते, मी जे छापले ते तिला कळवणारे कोणी तरी हवेच होते.

प्लॅस्टर निघाल्यावर ती परत आली तेव्हा हवालदारांनी तिला झाडाखाली बसू दिले नाही. अपघात करणारी बाई म्हणून. आता ती मोडून सांधलेल्या पायाने टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरते. आमच्या गल्लीत येत नाही.

कलम सहा. माझ्या आवारातील फाटकालगतची दहा फूट जागा गौरम्माला आणि तिच्यामागे तिच्या लेकीला भाजी विकण्यासाठी कायम द्यावी.

(हे कलम खोडले आहे. समासात माझी सही आहे.)

कलम सात. माझ्या मृत्यूनंतर एका महिन्याच्या आत कलम पाच जसेच्या तसे साप्ताहिकात छापावे.

(हेही खोडले आहे. सही आहे.)

ही दोन कलमे खोडण्याचे कारण. गेल्या शनिवारी मसुदा पुरा झाला आणि मला फार हलके वाटले. इतके की गौरम्माला तो ऐकवावा असे मनात आले. रंभा बाजारातून तिला घेऊन आली. ओसरीवर वकील, मी आणि ती. मी वाचले, जरा गहिवरूनच. ती पाय लांब करून ऐकत होती.

"ह्ये कवा छापनार?"

"मी गेल्यावर."

"कुटं गेल्यावर?"

"वारल्यावर गं."

भोपळा कोवळा आहे की जून हे पाहतात तसे तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमाला काय झालंय? धडधाकट हायसा. म्या धा वर्सानं मोटी, म्या आदी जानार. मग त्ये ऐकनार कोन? वकीलसाब?"

वकील चष्मा पुसू लागले.

"आणि ही जागा?" मी विचारले. "ही तर तुझी होईल. इथून तुला कोणी उठवणार नाही."

"तुमच्या कंपौंडात गिऱ्हाईक कुटनं येनार? घरात शिरल्यागत वाटतंय लोकांस्नी. माजी जागा झाडाखाली हाय. ती तुमची न्हवं, ती तुमी कशी देनार?"

"मग मी काय करू, तूच सांग."

"जितं खोटं लिवून दिलं तितं जावा. दुसरं लिवून द्या."

इतके सोपे होते. मी मरायला तयार होते, चौकीत जायला नव्हते.

सोमवारी, सत्तावीस तारखेला, मी पायी चौकीत गेले. तेच हवालदार होते. "बाई, कशाला उकरून काडता? मिटलंय की. तिची तक्रार बी न्हाय." मी म्हटले, तक्रार माझी आहे. मी जबाब दिला : हात मी केला, गौरम्मा त्या हाताला आली, ब्रेक नादुरुस्त असल्याचे मला ठाऊक होते आणि आधीचा मजकूर बरोबर नव्हता. त्यांनी तो मन लावून उतरवला. माझा परवाना ठेवून घेतला. आता मला कोर्टात उभे राहावे लागेल, आणि वकील म्हणतात की हसू नका, शिक्षा होऊ शकते. कलम पाच येत्या रविवारी साप्ताहिकात येत आहे. संपादकांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, यानंतर तुमचा सल्ला कोण ऐकणार? त्यामुळे स्तंभ तेथेच संपेल. आबासाहेबांना पत्र टाकले आहे, उत्तर नाही.

झाडाखालच्या जागेचे काय, असे मी चौकीत विचारले. "साहेबांना दाखवतो," म्हणाले. अजून काही कळलेले नाही. हे मी लपवत नाही. मी करायचे ते दोन महिने उशिरा केले आहे आणि त्याचा उपयोग होईलच असे नाही.

कलम आठ. उरलेली भांडीकुंडी, पुस्तके आणि बँकेतील शिल्लक रंभाला. तिने माझ्या दहाव्याला मोटारी गोळा करू नयेत. लोकांनी पायी यावे, डाव्या बाजूने.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या अक्षरात लिहिले. यापूर्वी दुसरे केलेले नाही. खाडाखोड आहे ती माझीच आहे आणि ती तशीच राहू द्यावी.

साक्षीदारांविषयी एक गोष्ट नमूद करते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये, असे वकिलांचे सांगणे आहे. कलम सहा खोडल्याने गौरम्माला यात काही मिळत नाही. म्हणून साक्षीसाठी मी तिला विचारले. ती म्हणाली, "आदी चौकीतला कागद वाचा, मग अंगटा." वकिलांनी जबाबाची नक्कल वाचली. तिने ती दुसऱ्यांदा वाचायला लावली आणि मग अंगठ्याला शाई लावून घेतली. वकील तिचे नाव, गाव लिहून धंद्याच्या जागेपाशी थांबले. "फिरून विक्री असं लिहू का?"

"न्हाय. झाडाखाली लिवा."

"पण सध्या तिथं बसत नाही ना तुम्ही?"

"उद्यापासनं बसनार हाय. तुमी आज लिवा."

ठिकाण : सोलापूर
तारीख : २९ जानेवारी १९७५, बुधवार

सही : मथुरा मानसिंग घाडगे

आम्हां दोघांसमक्ष वरील बाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार :

१. बसवराज सिद्रामप्पा बिराजदार, वकील, राहणार सोलापूर. (सही)

२. गौरम्मा शिवप्पा हत्तुरे, वय अदमासे छप्पन, राहणार वळसंग, धंदा भाजी विकणे. धंद्याची जागा : रेल्वे लाइन्स, घाडगे यांच्या फाटकासमोर, कडुलिंबाच्या झाडाखाली. (डाव्या हाताचा अंगठा)