पेटीतल्या तक्रारीचा आवक क्रमांक

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

मी इकडे बरा आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमच्या वकीलसाहेबांचा खोकला थांबला का? (साहेबांचा खोकला त्यांच्यापेक्षा कारकुनालाच जास्त सोसावा लागतो, हे मी जाणतो.)

मध्यंतरी 'शाळा आणि कायदा : तोंडओळख' असा तीन दिवसांचा वर्ग झाला. आमच्या शाळेतून एकालाच पाठवायचे होते. आवक-जावक मी सांभाळतो, अक्षर माझे, एकही कागद कधी हरवला नाही. आणि मुख्याध्यापिकाबाईंनी पाठवले प्रयोगशाळेच्या परिचराला! का, तर तो बारावी झालेला आणि मी नववीत शाळा सोडलेली. तेव्हापासून बाई त्याला विचारल्याशिवाय पाणी पीत नाहीत. मुलाला वर्गाबाहेर उभे करता येते का? विचारा त्याला. सहलीचे संमतिपत्र कसे हवे? विचारा त्यालाच. शिक्षक त्याला 'ॲडव्होकेट' म्हणतात आणि तो मान खाली घालून हसतो. ते हसणे मला बघवत नाही.

म्हणून (तुमच्यापासून काय लपवायचे!) मी त्याला त्या वर्गात मिळालेली पुस्तिका जेवणाच्या सुट्टीत गुपचूप वाचली, आणि 'परिचर विद्यार्थ्यांकडून काचेच्या नळ्या धुऊन घेतो' अशी निनावी तक्रार डाव्या हाताने लिहून तक्रारपेटीत टाकली. शुक्रवारी समितीसमोर पेटीचे कुलूप काढले. बाईंनी कागद उलगडला, बराच वेळ बघितला आणि मला म्हणाल्या, "अरे, पेटी आत्ता उघडली. मग यावर तुझा आवक क्रमांक आणि शिक्का कसा रे?"

मामा, सात वर्षांत क्रमांकाशिवाय एक कागद माझ्या हातून सुटलेला नाही. हात आपोआप गेला.

बाई मला तिथल्या तिथे घरी बसवणार होत्या. तेवढ्यात परिचर उठला. "बाई, त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा करता येत नाही. तसा नियम आहे." आता पुढच्या सोमवारी सुनावणी आहे. माझी नोकरी तूर्त त्याच्या त्या एका वाक्यावर उभी आहे. आणि ते वाक्य अकराव्या पानावर मीही वाचले होते! बोलला मात्र तो. समितीतल्या दोघांनी तर मान डोलावली.

तुमचा भाचा

ता. क. : सुनावणीत तुझी बाजू कोण मांडणार, असे बाईंनी विचारले. मी त्याचेच नाव दिले. दुसऱ्या कोणाला येते इथे?

ता. क. २ : पत्राचे खरे कारण. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यानेच तक्रारदाराची बाजू मांडलेली कायद्याला चालते का, हे वकीलसाहेबांना विचारून कळवावे. चालत नसेल, तर उत्तराचे पत्र सोमवारनंतर टाकावे.