चपला कुठल्या काठावर होत्या

१४ ऑक्टोबर, मंगळवार

…नळाला पाणी आलं होतं. आधी पिण्याचं भरलं, मग पिंप. हे उठायच्या आत ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी थापल्या. पीठ सासूनं, आत्याबाईंनी गावाहून पाठवलेलं. ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या, तर घरभर ठसका. आतून ओरडले, "मारायचं तर एकदाच मार ना!" मी म्हटलं, "मरतंय कोण? तुम्ही तर फिरायला चाललात." शर्टाचं बटण तुटलेलं. काढायला तयार नाहीत, खाली युवराजभाऊ हॉर्न वाजवतोय. अंगावर असतानाच शिवलं. अंगावर शिवताना तोंडात काडी धरायची असते. "धरा," म्हटलं तर हसले. दोरा दातानं तोडला. भाकरी फडक्यात बांधल्या. गेले. "येतो" म्हणाले की नाही, आठवत नाही.

गेल्या दिवाळीनंतरची सकाळ. सुरतेतले माग बंद, कडोदऱ्याच्या कारखान्यांतले सगळे मागमास्तर सुट्टीवर. हे आणि यांचे दोस्त युवराजभाऊ, दिलीप, तिघं नाशिकच्या पुढं धरणावर गेले. दोघं परत आले.

रोज या सकाळपाशी येते आणि थांबते. पुढचं मी पाहिलेलं नाही. सांगितलेलं आहे फक्त.

१६ ऑक्टोबर

काजलला बघून गेलेले लोक आज परत आले. लिंबायतचेच, आपल्याकडचे. मुलगा चांगला आहे. मुलाच्या वडिलांनी चहा संपवला. मग म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. पण पत्रिकेवर मुलीच्या बापाचं नाव कसं टाकायचं? श्री. की कै.?"

त्यांची बायको म्हणाली, "उद्या माणूस मांडवात येऊन उभा राहिला म्हणजे? चार लोकांत शोभा आमचीच."

ते गेल्यावर काजल आतून आली. "मम्मी, तू बोली केम नइ?"

काय बोलू? धरणात शोध झाला, काही सापडलं नाही. प्रेत नाही म्हणून दाखला नाही. चपला तेवढ्या सापडल्या, रिसॉर्टच्या बोटीच्या धक्क्यावर. तिथं पाणी कमरेएवढं. हे विहिरीत पोहणारे, गावात पैजा मारून उड्या टाकणारे. आमच्या गोडादऱ्यात त्यामुळं सगळ्यांचं ठरलंय की बुडाला नाही, पळाला. कोणाबरोबर, ते प्रत्येक गल्लीचं वेगळं.

मी अर्धी अर्धी. टिकली लावते, ती आत्याबाईंसाठी. मंगळसूत्र डब्यात ठेवलं, ते नाहीत हे माझं मला माहीत म्हणून. घरात चपलांचा आवाज करत चालणारा माणूस न सांगता जात नाही. पण हे कोणाला सांगायचं. हा काही पुरावा नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

धाकट्या दिराचा फोन. नानाभाऊ म्हणे, "वैनी, वरीस व्हईल आता. पिठाचा पुतळा करू, अग्नी देऊ, पोरीचं लग्न मोकळं होईल. फक्त जीवखडा लागेल. जिथून जीव गेला तिथलाच दगड. तापीचा चालणार नाही, महाराजांनी बजावलंय. भलत्या जागेचा आणला तर जीव तिथंच अडकून राहील."

मागून आत्याबाईंनी फोन ओढून घेतला. "मना आंडोर जित्ता शे! दगड आणशीन ते मना डोकामा घाल!" मुलगा जिवंत आहे म्हणे. आणि फोन बंद.

जेवण नको वाटलं. पुस्तक घेऊन बसले. शाळा चौथीत सुटली, वाचायला खरी शिकले ती वाण्याच्या पुड्यांवर. नंतर हे रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणायचे, न बघता, जाड असेल ते. मी वाचलेल्या पुस्तकांत बुडालेला माणूस सापडतोच. सापडवायचा नसेल तर लिहिणारा त्याला बुडवतच नाही.

२२ ऑक्टोबर

पाडवा. गल्लीत बायका नवऱ्यांना ओवाळताहेत. दार लोटून मजुरीच्या साड्यांचे लोंबते धागे कापत बसले. कात्री चालू असली की बरं असतं.

युवराजभाऊ आला. सणावाराला येतो, काजलला मिठाई देतो, यांच्या फोटोकडे पाठ करून बसतो. वर्षभर असंच. त्याला जीवखड्याचं सांगितलं. लगेच म्हणाला, "मी आणून देतो ना वैनी. तुम्ही कशाला एवढ्या लांब?"

"उचलायचा बायकोनं. तुम्ही फक्त जागा दाखवा."

"जागा… जागा काय, धक्काच आहे."

"मग धक्का दाखवा."

दिलीपला विचारू का म्हटलं. तर म्हणे तो गावी गेलाय, आता येत नाही, फोनही उचलत नाही. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून गेला. परवा निघायचं ठरलं. काजल येते म्हणाली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. नाशिक, लॉजवर.

वघई, सापुतारा, वणी. घाटात काजलला उलटी झाली. रस्त्यानं सगळ्या गाड्या आमच्याच, जी.जे. पाच. दिवाळीच्या सुट्टीत निम्मी सुरत इकडं. आपल्याकडं दारूबंदी, इकडं उघड टेबलावर. काजल म्हणाली, "काका, इधर तो पूरा आपला मार्केट आया है." यु.भाऊ एरवी अशावर तासभर बोलेल. आज नुसती मान हलवली.

द्राक्षांचे मळे दोन्ही बाजूंना. नुसते खुंट आणि तारा. एका कुंपणापाशी पाणी प्यायला थांबलो, तर कोणीतरी सुरतेची बाई गॉगल लावून विचारत होती, "पण अंगूर क्यां छे?" मळ्यातली कामवाली हातातल्या काड्या खाली टाकत म्हणाली, "छाटणी झाली बाई. आता पोस्टरवरचीच बघा, खायला होळीच्या आधी या."

काजल हसली. मीही हसले. मग दोघींना वाईट वाटलं.

उद्या सकाळी रिसॉर्टवर. ऊन फार आहे. दिवाळी झाली तरी चैत्रासारखं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

सगळं लिहून काढते. मागेपुढे झालं तरी चालेल.

रिसॉर्टमध्ये आत जायला तिकीट. हिरवळ, पांढऱ्या छत्र्या, खाली धरणाचं पाणी चमकत होतं. गरम वारा. लोक पातळ काचेचे ग्लास देठाला धरून बसलेले. एक पोरगा आला, "आंटी, टेस्टिंग करणार? वाईनचे पाच प्रकार." काजल म्हणाली, "नको, साधं पाणी द्या." लहान पोरं पाण्यात पाय सोडून बसली होती. अशा जागी माझा नवरा मेला असेल असं वाटेना. इथं कोणी मरत नसेल.

धक्का पाहिला. लाकडी, खाली दोरी लावलेली, लाल गोळे तरंगताहेत. बोटवाल्याला विचारलं, "मागल्या दिवाळीत इथं कोणी बुडालं होतं?"

"इथं? नाय ओ काकू. पोलीस आले होते, गळ टाकले. पण हितं बुडायला माणसाला झोपायला लागंल."

यु.भाऊ लांब उभा होता.

काठावर वाकले. गोल, काळसर एक दगड निवडला. पदरानं पुसला. काजलला म्हटलं, पाणी घाल याच्यावर, आणि बापाचं नाव घे. ती नाव घ्यायला लागली. तेवढ्यात यु.भाऊ धावत आला. माझ्या हातावरच पडला जवळजवळ.

"वैनी, टाका तो! टाका! इथला नाही चालायचा!"

छत्रीखालचे लोक बघायला लागले. तो धक्क्यावर खाली बसला आणि रडायला लागला. मोठा माणूस. केस पांढरे. मला वाटलं याला ऊन लागलं.

मग बोलला. तुटक तुटक. ते इथं बसलेच नव्हते. इथलं सगळं महाग. बाटल्या घेतल्या आणि धरणाच्या पलीकडच्या अंगाला, मळ्याच्या बांधामागं, पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी जाऊन बसले. माझ्या भाकरी खाल्ल्या. यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाईन घेतली. म्हणाले, "ही तर जांभळाच्या सरबतासारखी लागते, मला उगाच भीती घातली." हे ऐकून मला त्यांचा आवाज आला. वर्षभरात पहिल्यांदा आला.

मग यु.भाऊ आणि दिलीप आडवे झाले. डोळा लागला. उठले तर हे नाहीत. काठावर चपला.

"हाका मारल्या वैनी. आईशप्पथ, घसा फुटेस्तोवर मारल्या. मग दिल्या म्हणाला, पोलीस येतील, बाटल्या बघतील, तोंडाचा वास घेतील. आपल्याकडं प्यायलेल्यावर पिधेला केस होतो ना, तेच डोक्यात. रात्रभर आत, धंदा गेला, गावात नाव गेलं…"

काजल म्हणाली, "पण काका, इधर तो छूट है. सगळे पितात. बघा ना समोर."

"ते डोक्यात आलंच नाही ग पोरी. जन्म सुरतेत गेला. दारू आणि पोलीस म्हटलं की हात-पाय गळतात. बाटल्या फेकल्या पाण्यात. आणि चपला…"

"काका, चप्पल तमे उचकी?"

मान हलवली. चपला त्यांनी उचलल्या. इथं आणून ठेवल्या, धक्क्यावर, रिसॉर्टसमोर, चांगल्या जागी. म्हणजे तिघं फिरायला आलेली साधी माणसं दिसतील. पोलिसांनी इथंच शोधलं. पलीकडं कोणी बघितलं नाही. दिलीप त्यासाठीच गावी पळाला. हा थांबला, आणि दर सणाला मिठाई.

मी दगड कधी टाकला, कळलं नाही. पायाशी पडलेला दिसला.

लगेच पलीकडं नेलं त्यानं. मळ्यामळ्यातून कच्चा रस्ता. मोटारीची खोली, पत्र्याची. तिथला काठ उतरता नाही. मुरूम खणून नेलाय, एकदम कडा. खाली पाणी हिरवं, आणि पाण्यातून बाभळीच्या वाळल्या फांद्या वर आलेल्या. धरण भरायच्या आधीची झाडं. पोहणारा माणूसही यात अडकेल. अडकेल की नाही? मला पोहता येत नाही.

यु.भाऊनं स्वतःच दगड शोधला. दोन्ही हातांनी पुढं केला. "हा घ्या. हा खरा. विधी करून टाकू वैनी, कोणाला काही कळायचं नाही. पोरीचं लग्न होईल."

"तू पाहिलंस त्यांना पाण्यात जाताना?" पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं.

"नाही."

"मग हा खरा कसा?"

दगड त्याच्या हातात तसाच.

काजल कड्यापाशी गेली म्हणून मी तिची ओढणी धरून ठेवली. तिनं न वळता विचारलं, "मम्मी, पप्पांना पळायचं असतं तर चपला घालून गेले असते ना?"

मी हो म्हटलं. हा विचार मला वर्षभर आला नव्हता, कारण चपला धक्क्यावर होत्या आणि धक्क्यावर माणूस पाय भिजवायला चपला काढतोच. इथं कशाला काढेल? हात धुवायला? झोपायच्या आधी? काढून चालत मळ्यात गेले असतील? अनवाणी माणूस किती लांब जाईल?

गाडीत म्हटलं, चौकीत चल. जागा चुकीची होती ते सांग. पाणबुडे इथं उतरू देत.

"वर्षानंतर काय राहतं वैनी? मला दोन पोरी आहेत. खोटा जबाब दिला म्हणून आत टाकतील मला. तुम्ही म्हणाल तर पाया पडतो."

"करदोडा राहील. चांदीचा आहे."

आत्याबाईंनी यांच्या कमरेला स्वतःच्या हातानं बांधलेला. चांदीला पाणी काही करत नाही असं ऐकलंय. खरं की नाही, माहीत नाही.

त्यानं गाडी चौकीकडं नेली नाही, सरळ नाशिकला आणली. आता लॉजच्या खाली गाडीतच बसलाय. वर ये म्हटलं, आला नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी संध्याकाळी नानाभाऊचा फोन आला होता, ते लिहायचं राहिलं. "दगड मिळाला का वैनी?" मी नाही म्हटलं. तो चिडला, एवढं जाऊन हात हलवत? मागून आत्याबाईंनी ऐकलं. फोन घेतला आणि रडल्या. "माले म्हाइत होतं. माले म्हाइत होतं. तो येईन." मला आशीर्वाद दिला. आजवर कधी दिला नव्हता. मी ऐकून घेतलं.

त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. पाण्यात करदोडा सापडला तर त्यांचा मुलगा जाईल. नाही सापडला तर माझा नवरा आपल्या पायांनी गेला असं सगळे म्हणतील, कदाचित मीही. काजलचे लोक किती थांबतील, ठाऊक नाही. फोन केला, पत्रिका सध्या छापू नका म्हटलं. मुलाच्या आईनं "बरं" म्हटलं. बरं म्हणजे काय ते कळलं नाही.

शनिवारी रात्री काजलनं विचारलं होतं, "कशाला मम्मी? दगड घे ना, संपव. काकाही सुटतील." रागानं नाही, थकून. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली, काजलची वेणी घातली, खाली गाडीपाशी जाऊन युवराजला सांगितलं की मी निघाले आहे, आणि रिक्षा करून चौकीत गेले.