हत्याराचा दोष

दि. ९ फेब्रुवारी

ती. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर केला, रागावू नका. तुम्ही माहेरी नीट पोचलात, छोटीला तिथल्या शाळेत घेतलं, हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. कंपनीने मला गाडीवरून काढून गोदामाच्या फाटकावर बसवलंय. हातात एक वही आणि गळ्यात शिट्टी. तुमच्या खोलीची किल्ली घरमालकाला दिली. शिलाई मशीन माझ्याकडे आणून ठेवलंय, कोणी इकडे येणार असेल तर कळवा.

ते रिव्हॉल्व्हर कुठून आणि कसं घेतलं ते सगळं लिहून पाठवा, तक्रारीत घालायचंय, असं तुम्ही म्हणता. लिहितो.

रोकड नेणाऱ्या गाडीवर परवान्याचं स्वतःचं हत्यार असलेल्या माणसालाच घेतात. नवं घेणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. दादा गाडी चालवायचे आणि मागे बसायला त्यांना मीच हवा होतो. म्हणाले, "चल, बाजारामागच्या बंदूकवाल्याकडे जुनं मिळतंय का बघू."

दुकान म्हणजे एक चिंचोळी खोली. आत बंदूकवाले काका डोळ्याला भिंग लावून बसलेले. त्यांनी तीन रिव्हॉल्व्हरं काढली. पहिल्याची गोळ्यांची चक्री डुगडुगत होती, ते त्यांनी आपणहून बाजूला सारलं. दुसऱ्याची नळी आतून गंजलेली. तिसरं एका निवृत्त सर्व्हेअरचं होतं. मुठीचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. काकांनी चक्रीची सहाही घरं एकेक करून फिरवली. प्रत्येक घर नळीसमोर येऊन टक्कन थांबायचं. मग नळीच्या टोकाशी पांढरा कागद धरून मला आत बघायला लावलं. आतून लख्ख. शेवटी घोडा मागे ओढून म्हणाले, "ही बारीक पिन बघ. गोळीच्या बुडावर आपटते ती हीच. बाकीचा सगळा थाट, काम हिचं."

दादांनी विचारलं, "काका, गॅरंटी काय?"

"हत्याराची देतो. धरणाऱ्याची देत नाही."

दादा दुकानाबाहेर येईपर्यंत हसत होते.

निगा कशी राखायची तेही काकांनीच शिकवलं. आधी गोळ्या काढून दुसऱ्या खोलीत ठेवायच्या. मग नळीतून ब्रश, मग तेलाची चिंधी, मग कोरडी चिंधी. तेल थेंबभरच, जास्त झालं की धूळ धरतं. चामड्याच्या म्यानात घालून ठेवून द्यायचं नाही, चामडं ओल धरतं. मी दर रविवारी तुमच्या ओट्यावर बसून हेच करायचो. दादांच्या जुन्या बनियनच्या चिंध्या तुम्हीच द्यायचात. दादा म्हणायचे, "याचं लग्न लागलंय त्याच्याशी. बायकोचेसुद्धा कोणी एवढे लाड करत नाही." आणि तुम्ही म्हणायचात, "ते मात्र खरं हं."

गाडीवर हल्ला झाला त्या दिवशी ते चाललं नाही. पिन तुटलेली निघाली. अहवालात आहेच.

दादा शेवटी काय बोलले, हे तुम्ही पुन्हा विचारलंत. मागे सांगितलं तेच. तुमचं नाव घेतलं.

छोटीला आशीर्वाद.

भाऊजी


दि. ३ मार्च

ती. वहिनींना नमस्कार.

साक्षीचा कागद मिळाला. सही करून लगेच पाठवणार होतो, पण मध्ये ताप होता. आता उतरलाय. तरी अंगात त्राण नाही. कागद टेबलावरच आहे.

काकांचं दुकान सील झालं, हे तुम्हाला वकिलाने कळवलं असेलच. सुनावणी वीस तारखेला आहे. एक विचारू का? 'सदोष हत्यार जाणूनबुजून विकले' असं लिहायलाच हवं का? 'जाणूनबुजून' तेवढं काढता येईल का? म्हातारा माणूस आहे. त्याला तुरुंगात घालून दादा काही परत येणार नाहीत.

मी आपलं सुचलं ते लिहिलं. वाईट वाटून घेऊ नका. फाटकावर ट्रक आलाय, थांबतो.

भाऊजी


दि. १६ मार्च

वहिनी,

तुमचं एका ओळीचं पत्र मिळालं. "भाऊजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

मी माझ्या बाजूचा, वहिनी. पहिल्यापासून माझ्याच.

काल काकांच्या घरी गेलो होतो. का गेलो ते सांगता येत नाही. बहुतेक त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून. ते जमिनीवर बसून हत्यारं फडक्यात बांधत होते. कानशी, पकडी, बारीक हातोड्या. एका घड्याळवाल्याला सगळी देऊन टाकणार म्हणाले. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. तर त्यांनी माझे हात धरले.

"आधी मी सगळ्यांना सांगत सुटलो," ते म्हणाले, "की ती पिन आपोआप तुटायची नाही, कोणीतरी आडवी वाकवून मोडलीय. कोणी ऐकलं नाही. मग मी घरात बसून विचार केला. एवढे सगळे कसे खोटे बोलतील? माझ्या डोळ्यांनाच तडा दिसला नसेल. वीस तारखेला मी कबूल करणार आहे. तुझ्या मित्राच्या बायकोला सांग, म्हाताऱ्याला क्षमा कर म्हणावं."

मी उठून आलो. पाणीसुद्धा प्यायलो नाही.

पिन मी मोडली.

आता सगळं सरळ सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही. बँकेच्या मागच्या गल्लीत आम्ही भरदुपारी पोचलो. दादा रोकडीची पेटी उतरवत होते. दोघं मोटारसायकलवरून आले. एकाने गाडी चालू ठेवली, दुसऱ्याने दादांच्या छातीला पिस्तूल लावलं. दादांनी पेटी सोडली नाही. मी गाडीच्या पलीकडून उतरलो होतो. त्या माणसाची माझ्याकडे पाठ होती, वहिनी. सहा पावलांवर. त्याला मी दिसलोही नव्हतो. रिव्हॉल्व्हर माझ्या हातात, बोट चापावर. ते हत्यार तेव्हा उत्तम होतं. मी ओढायचं, एवढंच बाकी होतं.

दादांनी मला पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम सुटला, आता झालं असं वाटल्यावर होतो तसा. आणि ते ओरडले, "अरे, मार!"

हे त्यांचे शेवटचे शब्द. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायला वेळच मिळाला नाही.

ओरडणं ऐकून तो माणूस वळायला लागला. मला एवढंच सुचलं की आता हा मला मारणार. मी चाकामागे बसलो. डोळे मिटले होते की उघडे, ते आठवत नाही. दोन आवाज ऐकले. मोटारसायकल गेल्यावर उठलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा पोलीस अजून यायचे होते. तुम्हीही यायच्या होतात. मला वाटलं, आता सगळे विचारणार, तू का नाही मारलंस? मी गाडीतली पक्कड घेतली आणि संडासात जाऊन दार लावलं. रडत होतो का? नाही. अगदी शांतपणे केलं. कुठे धरायचं, कसं वळवायचं, सगळं ठाऊक होतं. इतके रविवार ते हत्यार मी हाताळलं होतं. मग चाप ओढून पाहिला होता असं दिसावं म्हणून घोडा दोन-तीनदा आपटून ठेवला. बाहेर आलो तर तुम्ही समोर. तुम्ही माझे हात धरून रडलात. "भाऊजी, तुम्ही तरी वाचलात," म्हणालात. माझ्या बोटांना तेव्हा पकडीचं वंगण लागलेलं होतं.

इतके दिवस गप्प राहिलो, कारण वाटलं की लोखंडाला दोष दिला तर कोणाचं काय बिघडतंय. लोखंडामागे एक माणूस बसलेला आहे, हे मला सोयीने दिसलं नाही.

उद्या सकाळी आधी काकांकडे जातोय, मग ठाण्यात. तिथून कधी सुटेन ते माहीत नाही. मुद्दाम पुरावा बिघडवल्याची शिक्षा असते, ती होईल. न चालवलेल्या गोळीची कोणत्याच कायद्यात नाही. ती तुम्ही द्या. छोटीला मोठेपणी हे सांगायचं की नाही, तेही तुम्हीच ठरवा.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही. हे पत्र हातात घेऊन फाडावंसं वाटेल. फाडू नका, वीस तारखेला काकांसाठी लागेल. या वेळी शेवटी 'भाऊजी' लिहिलेलं नाही. खाली पूर्ण सही केली आहे, माझ्या खोट्या जबानीवर आहे अगदी तशीच. ताडून बघू द्या त्यांना.

(सही)