ऑपरेटरबाईंचे छायाचित्र खाली उतरवण्याबाबत

प्रति,
मा. संपर्कवृद्धी अधिकारी,
उद्योग व सेवासंस्था जोडणी कक्ष,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : एका आजारी बाईंचे छायाचित्र आपल्या पानावरून, जिन्यातील फलकावरून व गाद्यांच्या जाहिरातीवरून काढावे, आणि येत्या सोमवारी त्यांच्या घरी चित्रीकरणाचे पथक पाठवू नये, याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे अभिनंदनपत्र.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. पैकी पहिले दोन अनुत्तरित. तिसऱ्याला उत्तर म्हणून अंगठ्याचे चित्र प्राप्त.

महोदय,

१. अर्जदार हा ‘उशाशी वाचन मंडळ’ या संस्थेचा वाचक असून त्याचे वय त्र्याहत्तर आहे. ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदीची कार्डे लिहिण्यात त्याची नोकरी सरली. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटते, म्हणून तो लिहितो. आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही या शंकेने फाडतो. हा सातवा कागद आहे. यात काही अधिकउणे आढळल्यास ते अर्जदाराच्या स्वभावाच्या खाती टाकावे, विषयाच्या नव्हे.

२. मंडळाचे काम एवढेच की, जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांच्या घरी जाऊन पुस्तक वाचून दाखवायचे. सात वाचक, एक खोली, अकराशे पुस्तके. नियमही एकच : वाचणाऱ्याने मान वर करायची नाही. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवायची, नजर पानावर ठेवायची, आणि वाचून झाले की खाली बघतच उठायचे. हा नियम मंडळ सुरू करणाऱ्या नर्सबाईंनी घालून दिला. त्या म्हणत, “आजारी माणसाला वाचणारा हवा असतो, बघणारा नको असतो. बघायला आख्खं गाव येऊन जातं.” नियमामुळे ऐकणाऱ्याला कवळी काढून ऐकता येते, केस न विंचरता ऐकता येते, रडत ऐकता येते. आपल्या कक्षाच्या तपासणी-तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नाही, हे अर्जदाराने पाहिले आहे.

३. आपल्या कक्षाने ‘एक उद्योग, एक सेवा’ ही योजना आणली आणि नगरातील प्रत्येक दुकानाने व प्रत्येक सेवासंस्थेने समाजमाध्यमावर स्वतःचे पान उघडावे, न उघडल्यास नोंदणी रद्द होईल, असे कळवले. मंडळातील बाकीच्या सहा वाचकांनी एकमताने अर्जदाराला कार्यशाळेला धाडले. कारण असे दिले की, “तुम्ही एवढं वाचलंय, तुम्हाला काय अवघड.” अर्जदाराला ‘नाही’ म्हणता येत नाही. या एका दुर्गुणाने त्याचे जेवढे नुकसान केले तेवढे कोणा वैऱ्याने केले नसेल.

४. कार्यशाळेविषयी अर्जदार थोडक्यात लिहितो, कारण विस्ताराने लिहिल्यास त्याची भाषा घसरेल. प्रशिक्षक हे उत्साही गृहस्थ होते. जो विषय आपल्याला कळत नाही त्यातच माणसाला इतका उत्साह वाटू शकतो. त्यांनी आम्हां चाळीस जणांना सांगितले की, जे दिसत नाही ते नसतेच. कुलपे दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी आपली कला लोकांना दाखवायला लावली. त्याने भाबडेपणाने किल्लीशिवाय कुलूप उघडून दाखवले. चित्रफीत नऊ हजार लोकांनी पाहिली आणि पुढच्या आठवड्यात त्याला चौकीवर बोलावणे आले. दारू सोडलेल्या लोकांचा एक गट येथे बारा वर्षे गुपचूप चालतो. त्यांच्या चिटणिसाला प्रशिक्षक म्हणाले, “तुमच्या मेंबरांचे हसरे चेहरे टाका, नावं जोडा, बघा किती जण येतात.” पुढच्या बैठकीला किती जण आले, हे चिटणिसाने अर्जदाराला सांगितले आहे. तो एकटाच आला होता.

५. योजनेप्रमाणे प्रत्येक संस्थेची एका उद्योगाशी जोडी लावण्यात आली. आमची जोडी गादी कारखान्याशी लागली. ‘तुमचे लाभार्थी झोपलेले, आमचा माल झोपण्याचा,’ असे गादीवाल्याने हात मिळवताना सांगितले. त्या वेळी अर्जदार हसला. तो का हसला, याचा तो अजून विचार करतो आहे.

६. शेवटच्या दिवशी ‘सेवेचे एक बोलके छायाचित्र’ प्रात्यक्षिक म्हणून सादर करायचे होते. येथे अर्जदाराच्या हातून जे घडले ते तो लपवू इच्छित नाही. अर्जदाराच्या पिढीत प्रात्यक्षिकाची वही मास्तरांकडे जात असे; मास्तर लाल शाईने तपासत आणि वही परत येई. ती वही कोणी चौकात टांगत नसे. आपण दिलेले छायाचित्र प्रशिक्षक तपासतील, गुण देतील आणि मामला मिटेल, असे त्याने धरले. ज्याने आयुष्यभर पुस्तके हाताळली त्याला एवढेही कळू नये, याचे अर्जदाराला नवल वाटत नाही. पुस्तके हाताळणाऱ्यालाच ते कळत नाही.

७. अर्जदार दोन वर्षे, आठवड्यातून तीन दुपारी, एका बाईंकडे वाचतो. त्यांनी एकतीस वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. सगळे त्यांना ऑपरेटरबाई म्हणतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची डावी बाजू गेली आणि चेहरा एका अंगाला ओघळला. त्यांच्या खोलीत आरसा नाही. त्या धाकट्या बहिणीशिवाय कोणाच्या समोर येत नाहीत. शेजारणींनाही दार बंद. अर्जदाराला प्रवेश होता तो केवळ तो मान वर करत नाही म्हणून. मंडळाच्या नियमाविषयी ऐकल्यावर त्या बहिणीला म्हणाल्या होत्या, “मग त्यांना येऊ दे. मीही तशीच नोकरी केलीय. सगळ्या गावाच्या तारा जोडल्या, पण कोण कोणाशी काय बोललं ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.” आपला कक्ष ज्याला ‘जोडणी’ म्हणतो ती या बाईंनी आपल्या कक्षाच्या जन्माआधी एकतीस वर्षे केली, आणि तोंड मिटून केली.

८. त्या दुपारी कादंबरीचे दोनशे बारावे पान चालले होते. अर्जदाराने खिशातून मोबाइल काढला, खुर्चीतल्या खुर्चीत वळला आणि प्रशिक्षकांनी शिकवल्याप्रमाणे बटण दाबले. बाईंचे डोळे मिटलेले होते. दोन वर्षांत त्याने त्यांचा चेहरा पाहिला नव्हता; तो पहिल्यांदा पाहिला मोबाइलच्या काचेत. छायाचित्र पाठवताना ‘संमती घेतली आहे’ असा एक चौकोन आला. त्यात खूण केल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून अर्जदाराने खूण केली. हे खोटे होते. बटण चावत नाही, असे प्रशिक्षक म्हणाले होते. हेही खोटे होते.

९. पुढचे आपणांस ठाऊक आहे, कारण पुढचे आपणच केले. छायाचित्र आपल्या पानावर ‘आठवड्याची यशोगाथा’ म्हणून झळकले. चार हजार तीनशे बारा लोकांना ते आवडले. यांतील एकाही इसमाने मंडळाच्या खोलीची पायरी चढलेली नाही, एकही पुस्तक आणून दिलेले नाही, की वाचायला येतो म्हटलेले नाही. त्यांना ते आवडले, आणि ते जेवायला गेले. आपण छायाचित्र मोठे करून जिन्यातील फलकावर लावले. गादीवाल्याने ते उचलून त्याखाली ‘पडून ऐका, आरामात ऐका’ असे छापले. अर्जदार त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला. बोलायचे ठरवून गेला होता तो मजकूर खिशात होता, तो हाताला लागेना. गादीवाला म्हणाला, “अहो काका, फुकटात नाव झालं की बाईंचं. बसा, चहा घ्या.” आणि एक उशी भेट दिली.

१०. अभिप्रायांविषयी. पहिल्या दिवशी ‘आजींना नमस्कार’ असे आले. दुसऱ्या दिवशी कोणी ‘गादीचा पत्ता द्या’ म्हणून विचारले. तिसऱ्या दिवशी एका सद्‌गृहस्थाने, वर काय लिहिले आहे ते न वाचता, मिटलेले डोळे पाहून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिले. त्यामागून येणाऱ्यांनी त्याचे वाचले आणि तेच लिहिले. मेंढरामागे मेंढरू तरी पायाखालची वाट पाहून चालते. सायंकाळपर्यंत एकोणचाळीस जणांनी एका जिवंत बाईंना श्रद्धांजली वाहिली होती, आणि त्यांत आपल्या कक्षाच्या अधिकृत खात्यावरून वाहिलेली एक होती. तिच्यापुढे हात जोडल्याचे चित्रही आहे. अर्जदाराने ते तीनदा तपासले, कारण आपलेच डोळे चुकत असतील अशी त्याला सवयीने शंका आली.

११. परगावी राहणाऱ्या भाचीने हे पाहिले आणि घाबरून घरी फोन केला. फोन बाईंच्या उशाशी असतो. दुसरी घंटा पुरी व्हायच्या आत उचलायची, ही नोकरीतली सवय त्यांच्या उजव्या हाताला अजून आहे. भाचीने विचारले, “मावशी कधी गेली?” बाई म्हणाल्या, “गेली नाही. बोलतेय.” छायाचित्राचा सारा प्रकार त्यांना असा कळला.

१२. त्यानंतरच्या वाचनाच्या वारी अर्जदार नेहमीप्रमाणे गेला. धाकट्या बहिणीने दार अर्धवट उघडून सांगितले, “ताई म्हणते, लाइन कापलीय. पुन्हा येऊ नका.” अर्जदार पायऱ्यांकडे बघत उभा राहिला. बहीण थोडी घुटमळली आणि म्हणाली, “तुम्ही तरी असं करायला नको होतं हो.” या वाक्यावर अर्जदाराने पुष्कळ विचार केला आहे. ‘तुम्ही तरी’ या दोन शब्दांत त्याची दोन वर्षांची कमाई होती, ती गेली.

१३. छायाचित्र काढावे म्हणून अर्जदाराने पहिला अर्ज दिला, दुसरा दिला. प्रशिक्षकांना गाठले, ते म्हणाले, “काका, चाललेली गाडी कोणी थांबवतं का? उलट दुसरा फोटो टाका.” तिसरा अर्ज आपल्याच सूचनेनुसार संगणकावरून पाठवला, त्यावर आपल्याकडून उंचावलेला अंगठा आला. पूर्वी सरकारी कागदावर निरक्षर माणूस अंगठा उठवी आणि साक्षर अधिकारी त्याला हसत. आता अर्जदार सहीनिशी लिहितो आणि साहेब अंगठा उठवतात. याला प्रगती म्हणत असल्यास अर्जदाराची हरकत नाही. फक्त ती वाचणाऱ्याकडून न वाचणाऱ्याकडे झाली आहे, एवढे नमूद करतो.

१४. आणि आता संदर्भ क्रमांक एकचे अभिनंदनपत्र. त्यात उशाशी वाचन मंडळाला ‘उत्कृष्ट जोडणी’चा मान जाहीर केला असून, येत्या सोमवारी आपले पथक, प्रशिक्षक व गादीवाला असे सर्व जण ऑपरेटरबाईंच्या घरी येतील, त्यांना नव्या गादीवर निजवतील आणि वाचनाचे थेट प्रक्षेपण करतील, असे कळवले आहे. बाईंच्या होकाराविषयी पत्रात एक ओळ आहे : ‘लाभार्थी उपलब्ध राहतील याची दक्षता संस्थेने घ्यावी.’ श्रद्धांजली वाहून झाल्यावर उपलब्धतेची चौकशी करणारे कार्यालय अर्जदाराने आजवर पाहिले नव्हते.

१५. सोमवारी पथक येऊ नये याचे कारण अर्जदाराला आता सांगावेच लागेल, जरी ते सांगणे नियमात बसते की नाही याविषयी त्याच्या मनात चलबिचल आहे. गेले बारा दिवस अर्जदार दर दुपारी त्या घराच्या जिन्यात, बंद दाराबाहेर, वरून तिसऱ्या पायरीवर बसतो आणि दाराकडे पाठ करून वाचतो. कोणी बोलावले म्हणून नाही. पुस्तक अर्धवट ठेवायला नको, एवढ्यासाठी. वरच्या मजल्यावरचा शिंपी जाता-येता त्याला ओलांडतो आणि म्हणतो, “आजोबा, दार ऐकतंय का?” पहिले दहा दिवस दार ऐकत होते की नाही, अर्जदाराला ठाऊक नाही. त्याचा आवाज मुळात लहान. अकराव्या दिवशी शिंप्याचे यंत्र वर खडखडत असताना त्याने एक पान तसेच वाचून काढले आणि उलटले. तेव्हा आतून, ओढत ओढत, पण एक्स्चेंजमधल्यासारखा स्पष्ट आवाज आला : “मागचं पान पुन्हा. ऐकू आलं नाही.”

१६. अर्जदाराने ते पान पुन्हा वाचले. काल, बाराव्या दिवशी, कडी निघाल्याचा आवाज झाला आणि दार दोन बोटे उघडले. बहिणीने आपणहून उघडले की बाईंनी खाटेवरून सांगितले म्हणून, हे अर्जदार सांगू शकत नाही. त्याने मान वर केली नाही.

१७. कादंबरीची तेवीस पाने उरली आहेत. रोज सहा पाने धरली तर चौथ्या दुपारी, म्हणजे सोमवारीच, पुस्तक संपते. त्या दिवशी जिन्यात कॅमेरा दिसला तर ती दोन बोटांची फट मिटेल, आणि या वेळी ती पुन्हा उघडणार नाही. अर्जदाराची विनंती एवढीच : छायाचित्र तिन्ही ठिकाणांहून उतरवावे, पथक पाठवू नये. मोबदल्यात मंडळाचे पान बंद झाले, मान परत घेतला, नोंदणी रद्द केली, खोली काढून घेतली, तरी चालेल. सहाही वाचकांना विचारले आहे; पुस्तके आपापल्या घरी वाटून घेऊ, असे त्यांनी लिहून दिले आहे. बाईंच्या घरचा पत्ता आपल्या पथकाने अर्जदाराकडे मागितला होता. तो अर्जदार देणार नाही. ‘नाही’ हा शब्द त्याने या वयात प्रथमच लिहिला असल्याने अक्षर थोडे हलले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
वाचक क्रमांक चार,
उशाशी वाचन मंडळ.

दिनांक : अभिनंदनपत्र मिळाल्यापासून दुसरा दिवस.

सोबत :
१) ‘उत्कृष्ट जोडणी’चे प्रशस्तिपत्र, मूळ प्रत, परत.
२) उशी एक, गादी कारखान्याची, न वापरलेली, संबंधितांस पोचवावी.
३) संमतीच्या चौकोनात खोटी खूण केल्याची अर्जदाराची लेखी कबुली.
४) सहा वाचकांचे लेखी म्हणणे.
५) छायाचित्र : जोडलेले नाही.