समोरची खोली आणि शनिवारची भिशी

गेल्या मंगळवारी धक्क्यावर माझ्या नावाचे एक पिंप उतरले. आत तांदूळ दहा किलो, अंगाचे साबण चोवीस, मांसाचे डबे सहा, पांढरा झगा एक, मिरचीच्या चटणीची बाटली एक. जकात आणि हमाली मिळून सत्तेचाळीस डॉलर. कारकुनाने वर 'नाताळचं काहीतरी' मागितले, ते दिले नाही. बाटलीवर आमच्या रोझोच्याच कारखान्याचे नाव आहे. म्हणजे चटणी अमेरिकेला जाऊन परत आली. मी अजून समोरचे ग्वादलूप बेटसुद्धा पाहिलेले नाही. पिंप माझ्या लेकीने, मर्लिनने, ब्रुकलिनहून पाठवले. झगा चर्चसाठी आहे म्हणते. पण इतका पांढरा कपडा माणूस एकदाच घालतो. तो पाहूनच हे लिहायला बसले.

तरी मी, अर्नेस्टीन लारोंद, विधवा, वय वर्षे एकाहत्तर, नन्सच्या शाळेत शेवटच्या परीक्षेपर्यंत शिकलेली, राहणार रोझो, डोमिनिका, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असताना, कोणाच्याही दबावाखाली न येता (दबाव भाच्याने पुष्कळ आणला, मी आले नाही) माझ्यामागची व्यवस्था लावून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. आत्मा ज्याचा त्याला परत. देहाला तोच झगा घालावा. तो दोन मापे लहान आहे, तेव्हा पाठीमागून उसवावा. पेटीत कोणी पाठ बघत नाही. मेणबत्त्या चार पुरेत. उरलेल्या अर्ध्या मेणबत्त्या घरी आणाव्यात.

२. मृत्यूची बातमी रेडिओवर द्यावी, नाहीतर मी मेले असे कोणी मानणार नाही. मात्र तिथे शब्दाला पैसे पडतात. लेक मर्लिन आणि मैत्रीण ओडिलिया, एवढीच नावे वाचावीत. माझा भाचा ह्युबर्ट 'आणि इतर नातेवाईक' यात बसतो. त्याला वेगळा खर्च नको.

३. लोखंडी भांडे, ज्यात मी तीस वर्षे नीरफणस उकडला, ते ओडिलियाला. ही आमच्या बाजारातली केळीवाली; बोटीने ग्वादलूपला माल नेते. साक्षीदार म्हणून सही कर म्हटले, तर फादर म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ओडिलियाने पेन खाली ठेवले. "मग सही दुसऱ्या कुणाची घे गं. मला भांडं हवंय."

४. आता घर. खाली रस्त्यावर उघडणारी समोरची खोली, वर दोन खोल्या. पर्यटकांच्या जहाजांचा नवा धक्का झाल्यापासून ही खोली सगळ्यांच्या डोळ्यांत भरली आहे. ह्युबर्ट जहाजातल्या पाहुण्यांना टॅक्सीतून धबधबा दाखवतो. त्याला ती एका सोनाराला विकायची आहे.

"मावशी, हजार माणसं तुझ्या दारात उतरतात आणि तू खिडकीत कपडे वाळत घालतेस!"

"घालते. त्यांच्या अंगावर एवढेसेच असतात. कपडा कसा असतो ते बघू देत बिचारे."

"आणि तुझ्या त्या भिशीवाल्या बायकांना बँकेत पाठव की!"

ओडिलिया गेली होती बँकेत, बोटीवर चढवायच्या केळ्यांसाठी पैसे मागायला. साहेबाने तारण विचारले. ही म्हणाली, केळीच आहेत. तो म्हणाला, बाई, ती पिकतात. "म्हणून तर लवकर द्या म्हणते!" ही म्हणाली. दिले नाहीत. ते पैसे आमच्या समोरच्या खोलीतून गेले, आणि चार दिवसांत परत आले.

शनिवारी बाजार उठला की बारा बायका त्या खोलीत बसतात. जिची तिची ठरलेली रक्कम माझ्या मांडीवर पडते आणि जिची पाळी ती सगळी उचलते. या शहरातले छपरांचे निम्मे पत्रे, गणवेश आणि बाळंतपणे त्या खोलीतून निघाली आहेत. सोनार तिथे बसला तर बारा जणींनी कुठे बसायचे?

म्हणून: मर्लिन परत येऊन या घरात राहिली आणि भिशी सांभाळली, तर घर तिचे. नाही आली, तर ओडिलियाने हयातभर राहावे, भिशी चालवावी. नंतर घर चर्चला. ह्युबर्टला माझी छत्री. वारा आला की तीही बाजू बदलते.

५. मर्लिनसाठी एक गोष्ट. तू गेलीस तेव्हा तिकिटाचे पैसे कुठून आले, हे तू कधी विचारले नाहीस. त्या वेळी भिशीची पाळी ओडिलियाची होती. तिला नवे पत्रे घालायचे होते. "पोरीला जाऊ दे, पत्रे पळून जात नाहीत," म्हणाली. त्याच सप्टेंबरात वादळ आले आणि पत्रे पळाले. हे लिहू नको असे तिने मला बजावले आहे, म्हणून लिहिते.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि एक चूक सापडली ती दुरुस्त केली.

सही: अर्नेस्टीन लारोंद
साक्षीदार: फादर अँसेल्म रिव्हियेर, मिस व्हॅलेन्सिया जॉन-जूल्स, शिक्षिका (दोघांनाही काहीही मिळणार नाही, याची त्यांना कल्पना आहे)
स्थळ: रोझो. दिनांक: ३ डिसेंबर १९९८, संत फ्रान्सिस झेवियरचा सण.

ता. क. मर्लिन, ही नक्कल तुझ्यासाठी. तिकडे तू पगारावर दुसऱ्या कोणाची म्हातारी आई सांभाळतेस. इथे एक फुकट आहे. आता पिंप पाठवू नकोस. उत्तरासाठी टपालाचे तिकीट सोबत ठेवणार होते, पण आमचे तिकडे चालत नाही म्हणे. फेब्रुवारीत भिशीची नवी फेरी सुरू होते. पहिली पाळी ओडिलियाची लागली आहे, आणि ती तुझ्या परतीच्या तिकिटासाठी सोडते म्हणते. तिचे पत्रे पुन्हा गळतात. तेव्हा ती पाळी तू घ्यायची की तिला घेऊ द्यायची, ते उलट टपाली कळव. या वेळी वादळाच्या आधी.